मदत हवी आहे: घरच्या जपमाळेतून मोबाइल बाहेर कसा काढावा?

कुटुंबाची जपमाळ (रोझरी, म्हणजे मणी ओढत म्हणायची आमची ख्रिस्ती प्रार्थना) नीट म्हटली तर २० मिनिटांची. पण मुलं रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग) मोबाइलवर बघून वाचतात, आणि दुसऱ्या रहस्यातच मेसेज येतो. आवाज बंद केला तरी पडदा उजळतोच. मग प्रत्येक रहस्याच्या दहा 'नमो मरिये' (मरियेला केलेली प्रार्थना) नुसत्या ओठांवर राहतात, मनन हरवतं.

वार पाठ आहेत: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. अडतं ते गुरुवारी. त्या दिवशीची प्रकाशाची रहस्यं २००२ मध्ये आली, त्यामुळे घरातल्या जुन्या पुस्तिकेत ती नाहीत.

वसईकरांनो, चारही संच असलेली, मोठ्या अक्षरांची मराठी पुस्तिका कुठे मिळेल? आणि प्रत्येक रहस्याआधी वाचायला बायबलमधल्या शुभवर्तमानातल्या दोन-तीन ओळी कोणत्या घेता? काना गावातल्या विवाहाची सापडली, बाकीच्या सांगा.