प्रतिसाद: सुरुवातीचं +91 काढताना

फोंड्याच्या वाचनालयाच्या यादीतल्या फोन नंबरांपुढचं +91 काढायला आधीच्या एका उत्तरात ^[+91]+ हे रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) सुचवलंय. कृपया ते वापरू नका! चौकटी कंसात क्रम उरत नाही, त्यातलं कुठलंही चिन्ह सुरुवातीला दिसलं की उडतं. म्हणजे +9198… मधून मोबाइलचा पहिला 9 सुद्धा जातो आणि 8… उरतो. सभासदाला फोन लागणारच नाही.

^(\+91|0) लिहा. +91832… आणि 0832… दोन्हींचं 832… होतं. + च्या आधीची उलटी तिरकी रेघ हवीच, कारण रेजेक्समध्ये + ला वेगळा अर्थ आहे. मोकळ्या जागा आधी काढून घ्या.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एलस्ट्रिपमध्येही (lstrip, सुरुवातीची चिन्हं काढणारी सोय) हाच सापळा आहे. पायथनच्या 3.9 आवृत्तीपासून रिमूव्हप्रिफिक्स (removeprefix, सुरुवातीचा दिलेला तुकडा अख्खा जुळला तरच काढणारी सोय) मिळतं, नुसत्या +91 साठी तेच बरं.