एकाच विभागातल्या माध्यमिक शाळांमधली दरी: समितीकडे नेमकं काय मागू?

कोरा_फळा:
मी विज्ञान शिकवते. 11 वर्षं विभागातल्या नावाजलेल्या शाळेत काढली. गेल्या वर्षी त्याच विभागाच्या टोकाला असलेल्या शाळेत बदली मागून घेतली. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, मंजूर पदंही तेवढीच. पण इथे भौतिकशास्त्राची जागा 2 वर्षं रिकामी आहे. ते तास खेळाचे सर घेतात, बिचारे रात्री वाचून येतात. जुन्या शाळेत आम्ही 6 जण विज्ञानाचे. सर्वात नवख्याला 7 वर्षं झाली होती. इथे नवा माणूस येतो, हात बसतो न बसतो तोच तिकडे अर्ज टाकतो. नावं कशाला ठेवू, एकेकाळी मीही असाच अर्ज टाकला होता.

विभागीय समितीने सूचना मागवल्यात. बहुतेकांचा सूर 'संगणक कक्ष द्या' असा. आमचा आधीचा कक्ष कुलूपबंद आहे, चालवायला माणूस नाही म्हणून!

उंबरठा:
गुणवत्ता यादीच बंद करा. दक्षिण कोरियाने 1974 मध्ये सोल आणि बुसानमध्ये सर्वसाधारण हायस्कुलांच्या प्रवेश परीक्षा काढून टाकल्या आणि शाळा चिठ्ठीने द्यायला सुरुवात केली. हुशार मुलं एकाच शाळेत गोळा झाली की शिक्षकही तिकडेच धावणार.

जुना_हजेरीपट:
उंबरठा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. चिठ्ठी निघायची ती राहत्या भागातल्या शाळांपुरती. मग पालकांनी घरंच हलवली. सोलमधल्या गंगनामच्या घरांना भाव चढले, त्यामागे तिथल्या शाळांचा मोठा वाटा. परीक्षेची रांग घरमालकाच्या दारात गेली, एवढंच. मात्र तिथे सरकारी शाळांतल्या शिक्षकांची ठरावीक वर्षांनी बदली होते, ते घेण्यासारखं आहे.

ताई, आधी एक आकडा मागा: प्रत्येक शाळेत पगारावर प्रत्यक्ष झालेला खर्च, भागिले विद्यार्थी. पदं मोजली की सगळ्या शाळा सारख्या दिसतात. पण अनुभवी शिक्षकाचा पगार जास्त, म्हणजे जिथे जुनी माणसं टिकतात तिथे पैसाही गुपचूप जास्त जातो. अमेरिकेत 2015 च्या शिक्षण कायद्याने असा शाळावार प्रत्यक्ष खर्च जाहीर करणं बंधनकारक केलं, ते याचसाठी.

दुसरं म्हणजे लंडन चॅलेंज, लंडनमधल्या शाळा सुधारण्याची सरकारी मोहीम, 2003 ते 2011. त्यात सारख्या परिस्थितीतली मुलं येणाऱ्या शाळांचे गट केले आणि तुलना गटातल्या गटात केली. चांगल्या चाललेल्या शाळांतली माणसं अडलेल्या शाळांच्या मदतीला गेली. कोरियासारखी सगळ्यांचीच ठरलेली बदली वेगळी, पण निवडक माणसांच्या सक्तीच्या बदलीवर माझा फारसा विश्वास नाही. शिक्षा म्हणून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीची वाट बघतो.

कोरा_फळा:
खर्चाचा आकडा डोक्यातच आला नव्हता. दोन्ही शाळांतल्या विज्ञान शिक्षकांची सेवेची वर्षं आत्ताच जोडून पाहिली: तिकडे 6 जणांची 94, इकडे मला धरून चौघांची 19. त्यातली 12 माझी एकटीची.

संगणकाचा ठराव मी अडवणार नाही, उगाच वैर नको. माझं पत्र वेगळं: शाळावार प्रत्यक्ष खर्च जाहीर करा, रिकामी जागा भरण्यात टोकाच्या शाळांना पहिला मान द्या, आणि इथे 3 वर्षं थांबणाऱ्याला आठवड्याचे 4 तास कमी द्या. जादा भत्त्यापेक्षा तास कमी झालेले मला स्वतःला जास्त आवडले असते. बैठक गुरुवारी आहे. खेळाच्या सरांना सोबत नेतेय, प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा त्यांनी कसा निभावला ते तेच सांगतील.