काकांच्या पाकिटातला १८८५चा मॉर्गन डॉलर: रंग आपोआप आलेला की चढवलेला?

मुलुंड_ते_एडिसन

नमस्कार मंडळी. माझे काका १९६२ साली शिकायला ओहायोत आले. तेव्हा बँकेत कागदी डॉलर दिला की चांदीचा डॉलर मिळायचा. पुढच्या वर्षी त्यांनी असे पाच मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर) घेतले आणि तपकिरी पाकिटात घालून ठेवले. पाकिटावर त्यांच्या अक्षरात "आईसाठी" लिहिलंय. आजीपर्यंत ते पोचलेच नाहीत. काका गेल्यावर काकूने मला दिले.

पहिल्याच दिवाळीत मी त्यातलं एक लक्ष्मीपूजनासाठी टूथपेस्टने घासलं. चांदी काळी पडली की घासायची, हेच लहानपणापासून पाहिलेलं. नाणं पांढरं झालं, पण त्यातला जीव गेला. आता ॲल्युमिनियमसारखं दिसतं. फार वाईट वाटलं.

प्रश्न उरलेल्या चारांपैकी एकाचा आहे. १८८५ साल, मागे 'डॉलर' शब्दाच्या वर 'ओ'. चेहऱ्याच्या बाजूला डावीकडे चंद्रकोरीसारखा पट्टा आहे: काठाशी निळा, मग जांभळट, मग तांबूस, मग सोनेरी आणि पुढे सगळं पांढरं. मागची बाजू पूर्ण पांढरी. एका प्रदर्शनात विक्रेत्याने बघताक्षणी "रंग चढवलाय" म्हणून परत केलं. काका असं काही करतील हे मला पटत नाही. ओळखायचं कसं? ग्रेडिंगला, म्हणजे परीक्षकांकडून अस्सलपणा आणि दर्जा ठरवून घ्यायला, पाठवू का?

जुनी_टाकसाळ

ताई, आधी त्या नाण्याला काहीही लावू नका. डिप, म्हणजे चांदी उजळवायचं द्रावण, तेही नको. डिपच्या आम्लात रंगाबरोबर चांदीचा वरचा पापुद्राही जातो, आणि झळाळी त्या पापुद्र्यातच असते.

हा रंग म्हणजे चांदीवर गंधकाने धरलेला सल्फाइडचा पातळ थर. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात ना, तसंच इथे होतं: थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा. थर आणखी वाढला की पुन्हा पिवळा, गुलाबी, आणि हिरवा बहुतेक या दुसऱ्या फेरीतच. तुमची कोर काठाकडून आत वाचली तर बरोबर हाच क्रम उलटा मिळतो. काठाशी थर जाड, आत विरळ. गॅसवर तापवून किंवा रसायन लावून आणलेल्या रंगात हा क्रम बहुधा तुटतो. पिवळ्याला खेटून एकदम हिरवा-निळा आला की मी नाणं खाली ठेवतो.

चंद्रकोर कशी आली तेही सांगतो. 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्सची टाकसाळ. तिथे १८८५ साली ९१,८५,००० डॉलर पाडले आणि त्यांतले पुष्कळ सरकारी तिजोरीत कापडी पिशव्यांमध्ये पडून राहिले. एका पिशवीत हजार नाणी, म्हणजे जवळपास सत्तावीस किलो. कडेच्या नाण्याची जी बाजू कापडाला टेकली तिला कापडातलं गंधक लागलं, शेजारच्या नाण्याखाली झाकलेला भाग पांढरा राहिला. मागची बाजू कोरी आहे ती म्हणूनच. १९६२ ते ६४ मध्ये या पिशव्या मोठ्या प्रमाणात बाहेर आल्या, आणि तुमच्या काकांचं साल त्यात बसतं.

आता घरी करायचं काम. दहापट भिंग घ्या आणि एकाच दिव्याखाली नाणं तिरकं फिरवा. झळाळीचे आरे गाडीच्या चाकासारखे रंगातूनही अखंड फिरले पाहिजेत. मग ताऱ्यांच्या आणि अक्षरांच्या कडा बघा. ताणलेलं कापड उठावाच्या पायथ्याशी टेकत नाही, म्हणून तिथे फिकट रेघ राहते. ही रेघ नकली रंगात मला क्वचितच दिसली आहे.

साधा_हिशोबी

रंग खरा असला तरी दर नाणं ग्रेडिंग करून स्लॅबमध्ये (दर्जा लिहिलेल्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत) घालण्यात अर्थ नाही. १८८५-ओ दुर्मिळ नाही. नाण्याचा दर्जा मोजायच्या शेल्डनच्या १ ते ७० मोजपट्टीवर ६०च्या पुढे न वापरलेली नाणी येतात. तुमचं ६२ला थांबलं तर फीसुद्धा निघणार नाही. गालावरचे पिशवीतले ओरखडे मोजा, मॉर्गनचा निकाल तिथेच लागतो. कानावरचे केस सपाट दिसले तर झीज समजू नका, न्यू ऑर्लिन्सचा ठसा पुष्कळदा अर्धवटच उठतो. आणि परीक्षकांना रंग संशयास्पद वाटला तर आकडा मिळत नाही, फक्त तशी नोंद होते.

जुनी_टाकसाळ

हिशोब बरोबर आहे. तरी विकायचं नसलं तरी हे एक पाठवा असं मी म्हणेन. विक्रेत्याने बघताक्षणी दिलेल्या निकालावर हे नाणं सोडू नये.

गिरगाव_रुपया

मी राणी छाप आणि पंचम जॉर्जचे रुपये जमवतो, मॉर्गनमधलं मला फार कळत नाही. पण एक सांगावंसं वाटतं. १९१८ साली पिटमन कायद्याने अमेरिकेने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. युद्धात इथे भारतात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते आणि सरकारकडची चांदी आटत चालली होती. त्या डॉलरांची बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारतात आली आणि मुंबई-कोलकात्याच्या टाकसाळीत तिचे तोळ्याचे रुपये झाले. ताईंची पाच नाणी त्या भट्टीतून वाचलेली आहेत.

मुलुंड_ते_एडिसन

काल रात्री भिंग घेऊन बसले. चाक फिरतं, रंगातूनही. डावीकडच्या तीन ताऱ्यांभोवती फिकट रेघ आहे. आणि निळ्या भागात बारीक उभ्या-आडव्या रेषा दिसल्या, चक्क मांजरपाटाची वीण! आधी मला तो डाग वाटला होता.

पाकिटाबाहेर काढून चारही नाणी पीव्हीसी नसलेल्या कॅप्सुलमध्ये ठेवली. चंद्रकोरीचं पुढच्या महिन्यात ग्रेडिंगला जाईल. घासलेलं देव्हाऱ्यात आहे. गिरगाव_रुपया, आजीच्या बटव्यात १९१८चा एक रुपया होता, तो आता आईकडे मुलुंडला आहे. टाकसाळ कुठली ते कसं बघायचं?

गिरगाव_रुपया

मागच्या बाजूला तळाशी कमळ आहे. त्याच्या खाली उठावदार ठिपका असेल तर मुंबईचा. आईंना म्हणावं, घासू नका.