कामाचा लॅपटॉप बदलताना तुमचं काय अडलं? नागपूरकरांनो, अनुभव सांगा

त्रिमूर्ती नगर, अनुवादक

माझा लॅपटॉप 2017 चा. इंटेलची सातवी पिढी, 8 जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. अनुवाद आणि मुद्रितशोधन हे माझं पोटापाण्याचं काम आणि त्याला तो आजही पुरतो. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मी एका पिढीने हुकले. एक वर्षाचे वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेत, ते 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालतील. तोवर ठरवायचंय: नवा विंडोज लॅपटॉप, मॅकबुक, की याच यंत्रावर लिनक्स.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चार दुकानं फिरले. चारही ठिकाणी पहिला प्रश्न बजेटचा. काम काय करता, हे कुणी विचारलं नाही. म्हणून इथे विचारते आहे. तुम्ही काय घेतलं यापेक्षा, बदल केल्यावर कुठलं काम अडलं आणि ते कसं सुटलं, किंवा सुटलंच नाही, हे मला ऐकायचंय. माझ्याकडे वीस वर्षांच्या फाइली आहेत. त्यातल्या जुन्या सगळ्या युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या. मला धास्ती त्यांचीच.

महाल, डीटीपी आणि छपाई

ताई, पहिले फाइली पाहा, लॅपटॉप मग. मी लग्नपत्रिका, स्मरणिका, देवस्थानच्या पावत्या असं काम पंचवीस वर्षं करून राहिलो. तीन वर्षांपूर्वी भाचा म्हणाला, मामा, मॅक घ्या, रंग खरे दिसतात. घेतला. रंग खरंच छान दिसतात, त्याबद्दल तक्रार नाही. पानं मांडायचं कोरलड्रॉ मॅकवर आहे, इनडिझाइन आहे. म्हटलं, झालं काम.

मग 2009 ची एक स्मरणिका पुन्हा छापायला आली. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या फॉन्टात 'क' हा खरा 'क' नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क' चं चित्र बसवलेलं असते. फॉन्ट नसला की चित्र गेलं, खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडलं. बरं, फॉन्ट मॅकवर टाकता आले. पण टायपिंगचं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो ते विंडोजपुरतंच, आणि त्याचं यूएसबी लॉकही (परवान्यासाठी लावायची काडी) तिथेच चालते. मजकूर दिसला, पण त्यात एक काना वाढवता येईना.

कन्व्हर्टर लावून युनिकोडात आणलं. बहुतेक बरोबर आलं, पण रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा सरकल्या. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात अक्षरानंतर. रफाराचं उलट: जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडात आधी. 'कीर्ती', 'सूर्यवंशी', 'हर्षवर्धन' असं एकेक नाव डोळ्यांनी पाहावं लागलं. दोनशे पानं, मी आणि बायको, चार रात्री. देणगीदाराचं नाव चुकून चालत नाही हो. इथे घाई करून वाचवलेला वेळ पुढे फेडावाच लागतो, म्हणून चारही रात्री नीट बसलो.

आता असं केलं आहे: जुना डेस्कटॉप विंडोज 7 सकट ठेवला, इंटरनेटची वायर काढून टाकली, तो फक्त जुन्या फाइलींसाठी. नवीन सगळं युनिकोडात, मॅकवर. इनडिझाइनमध्ये मराठी करणाऱ्यांनी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायला विसरू नये, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. हे मला कळायला आठ दिवस लागले.

धंतोली, चार्टर्ड अकाउंटंट

आमच्या कार्यालयात बारा जण आहेत. आमचं उत्तर विंडोज, आणि त्याला कारण दोनच: हिशेबाचं टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेली यूएसबी काडी). टॅलीप्राइम विंडोजसाठी बनते. मॅकवर ती आभासी यंत्रात किंवा क्लाउडवरून चालवता येते, पण मार्च अखेरीला किंवा विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी मधे आणखी एक थर मला नको.

पण सावध राहायचं ते वेगळ्याच ठिकाणी. गेल्या वर्षी आमच्या एका भागीदाराने विंडोजचाच, पण स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप घेतला. हलका, बॅटरी दिवसभर. विंडोज 11 म्हणजे विंडोज 11, असं आम्ही धरून चाललो. तो प्रोसेसर एआरएम जातीचा. नेहमीचे प्रोग्राम त्यावर रूपांतर करून चालतात, पण ड्रायव्हरला ती सवलत नाही, ड्रायव्हर एआरएमसाठी बनवलेलाच लागतो. आमच्या टोकनचा नव्हता. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचाही नव्हता. सही करायला ते दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन बसत. शेवटी तो लॅपटॉप त्यांच्या मुलीला कॉलेजसाठी दिला आणि तिचं काम त्यावर उत्तम चालू आहे. ताई, दुकानात 'इंटेल किंवा एएमडी' हे शब्द स्पष्ट उच्चारा.

एक हिशेबाची गोष्ट. व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घालून घ्या. 18 टक्के कराचं क्रेडिट मिळतं. संगणकावर घसारा 40 टक्के आहे, मात्र वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

परसोडी आयटी पार्क, प्रोग्रामर

माझ्या कामाला तिन्ही चालतात, म्हणून थोडक्यात. आधी लिनक्स, मग एम 1 चा मॅकबुक एअर, आता विंडोजवर डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय). सर्व्हरवर लिनक्स असतं, त्यामुळे आपल्या यंत्रावर लिनक्सचा टर्मिनल मिळाला की बाकी कवच कुठलंही असो. एअरला पंखा नाही. एवढी शांतता मी आधी कुठल्या लॅपटॉपवर अनुभवली नव्हती. पण मोठा प्रकल्प कंपाइल करताना उन्हाळ्यात तो पाचेक मिनिटांनी मंदावायचा.

बुटीबोरी, स्ट्रक्चरल इंजिनिअर

वरच्या उन्हाळ्याच्या मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण नागपुरात लॅपटॉप घेताना तोच सगळ्यात कमी बोलला जातो.

आमचं काम इमारतींच्या विश्लेषणाचं आणि रेखाटनाचं: ईटॅब्स, स्टॅड आणि रेव्हिट. तिन्ही विंडोजवरच, त्यामुळे सिस्टिमचा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला तो यंत्राचा. बहुतेक लॅपटॉपच्या तपशिलात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: वापरायचं तापमान 35 अंशांपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला तर विचारूच नका. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. सकाळी सात मिनिटांत होणारं विश्लेषण दुपारी बावीस मिनिटं चालायचं. दोन वर्षं मी सॉफ्टवेअरला दोष देत होतो. एकदा तापमान दाखवणारा छोटा प्रोग्राम टाकून पाहिला, तेव्हा कळलं.

पहिला लॅपटॉप मी सडपातळ घेतला होता. दुसरा जाड घेतला, दोन पंख्यांचा, मागून हवा सोडणारा. दिसायला ओबडधोबड, पण मे महिन्यातही कामाला येतो. दर एप्रिलमध्ये उघडून धूळ काढून घेतो. साइटवरची सिमेंटची धूळ आणि कूलरचा दमटपणा एकत्र आला की जाळीवर थर घट्ट बसतो. कूलरच्या समोरासमोर लॅपटॉप ठेवू नका, बाजूला ठेवा.

स्क्रीनचंही सांगतो. स्वस्त लॅपटॉपची चमक 250 निट (उजेड मोजायचं एकक) असते. कार्यालयात पुरते, शेडच्या दारात बसलं की नकाशातल्या बारीक रेषा दिसत नाहीत. 400 निटचा घ्या. ताई, तुम्ही घरात काम करता, पण दिवसभर अक्षरंच बघता, तुम्हालाही फरक पडेल.

अमरावती रोड, मृदा आणि जीआयएस

आमच्या विषयात (जीआयएस म्हणजे नकाशावर माहिती मांडणं) क्यूजीआयएस तिन्ही सिस्टिमवर चालतं, आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर. मी क्यूजीआयएसवाली, म्हणून मॅकवर गेले. अडलं ते अगदी साध्या जागी. तालुक्यातल्या सहकाऱ्यांनी माती सर्वेक्षणाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर दिला. डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. मी रात्रभर काम करून सकाळी परत द्यायला निघाले, तेव्हा हे कळलं. आता सगळ्या डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवते, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता येतं. मात्र डिस्क नव्याने फॉरमॅट केली की आतलं सगळं पुसलं जातं, आधी प्रत काढा.

आणि गावांची नावं. शेपफाइलमध्ये (नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात) मराठी नावं ठेवली आणि सोबत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते, सांगणारी छोटी सीपीजी फाइल नसली, की दुसऱ्याच्या यंत्रावर काटोल, कळमेश्वर, उमरेड सगळी प्रश्नचिन्हं होतात. यात सिस्टिमचा दोष नाही, पण सिस्टिम बदलताना हे हमखास वर येतं. मी जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारावर गेले आणि सुटले.

हिंगणा, जिल्हा परिषद शिक्षक

मी लिनक्सवाला. शाळेत मिळालेला जुना लॅपटॉप, 4 जीबी रॅम, विंडोज सुरू व्हायलाच दहा मिनिटं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहिलं. काहीही न पुसता तसं पाहता येतं, हे मला फार आवडलं. दोन दिवस तसंच वापरलं, मग कायमचं टाकलं. आता मिंट 22 आहे, त्याला 2029 पर्यंत अपडेट मिळतील.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच असतो, कीबोर्डच्या यादीतून निवडायचा. मी आधी रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, शिकलेलो, त्यामुळे पहिला महिना बोटं चुकत होती. आता विद्यार्थ्यांनाही इनस्क्रिप्टच शिकवतो. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग हलन्त आणि य, की 'दऱ्या' झालं. मुलांना ते कळलं तेव्हा त्यांनी फळ्यावर 'सुऱ्या', 'वाऱ्या', 'पऱ्या' असे शब्द स्वतःहून काढले. त्या तासाचा आनंद वेगळाच होता.

अडलं काय? एका सरकारी पोर्टलवर तक्ता भरायचा, त्याची एक्सेल फाइल मॅक्रोवाली (आत छोटे प्रोग्राम असलेली). लिबरऑफिसमध्ये बटणं चालली नाहीत. महिन्यातून एकदा त्यासाठी केंद्रप्रमुखांच्या लॅपटॉपवर बसतो.

सिव्हिल लाइन्स, वकील

गुरुजींचा अनुभव वाचून बरं वाटलं. मी मात्र लिनक्सवर जाऊन परत आलो.

इंग्रजी मसुद्यांना काही झालं नाही. टाइम्स न्यू रोमन नसला तरी लिबरेशन सेरिफ त्याच मापाचा बनवलेला आहे, त्यामुळे पानं सरकत नाहीत. जिल्हा न्यायालयासाठीचे मराठी अर्ज मंगल फॉन्टमध्ये. त्याला तसा मापाचा जोडीदार नाही. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो फॉन्ट लागला की ओळी बदलतात आणि पान सात वरचा मजकूर पान आठवर जातो. अर्जात 'पान 7 वरील परिच्छेद 14 पाहावा' असं लिहिलेलं असतं आणि समोरच्या वकिलाच्या प्रतीत तो तिथे नसतो. हे एकदा प्रत्यक्ष झालं. मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत दिली, पण त्या दिवशी उभं राहून उत्तर देताना मला फार वाईट वाटलं. पक्षकाराचा विश्वास आपल्या कागदावर असतो.

दुसरी चूक पूर्ण माझी. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायला गेलो. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बदल केला आणि विंडोजने डिस्कच्या कुलपाची 48 आकडी रिकव्हरी की मागितली. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद असते आणि की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. माझं खातं कुठल्या ईमेलवर, तेच आठवेना. दीड दिवस गेला. ती की आता कागदावर लिहून कपाटात आहे. काहीही बदलण्याआधी हे एवढं करा.

त्रिमूर्ती नगर, अनुवादक

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर तुमचं वाचून एकेक करून पाहिलं.

गुरुजी, पेन ड्राइव्हवरून मिंट लावलं. माझ्या सातव्या पिढीवर ते छान पळतं. वायफाय आणि आवाज काहीही न करता चालले. ओमेगाटी हे अनुवादाचं सॉफ्टवेअर चालतं, टीएमएक्स फाइली (आधीच्या अनुवादांचा साठा) जशाच्या तशा उघडल्या. पण माझे दोन मोठे ग्राहक काम ट्राडोस या अनुवादाच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये पाठवतात आणि ट्राडोस स्टुडिओ विंडोजवरच चालतं. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्या दोघांकडून येतो. तेव्हा नवा लॅपटॉप विंडोजचाच, इंटेल किंवा एएमडी, 16 जीबी रॅम, आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली नको, पुढे वाढवता आली पाहिजे. चमक 400 निट. जुना मिंटसह दुसऱ्या टेबलावर राहील, वाचनाला आणि पहिल्या खर्ड्याला.

महालवाले भाऊ, जुन्या फाइलींचं तुमच्यासारखंच करायला घेतलंय. एकूण 340 निघाल्या. त्यातल्या ज्यांचं पुस्तक पुन्हा छापलं जाऊ शकतं अशा साठेक आधी युनिकोडात आणणार, बाकीच्या फॉन्टसकट तशाच जपून ठेवणार. तुमचा कन्व्हर्टर कुठला, ते सांगाल का? माझ्याकडचा 'कीर्ती' चा रफार प्रत्येक वेळी 'ती' या अक्षरावर न ठेवता पुढच्या शब्दावर टाकतो.

शनिवारी बर्डीवर जाते आहे. पेन ड्राइव्हमध्ये ट्राडोसचं एक पॅकेज, एक मंगलमधला अर्ज आणि एक जुन्या फॉन्टची फाइल घेऊन. दुकानदाराला काउंटरवरच उघडून दाखवायला सांगणार.