फ्रंटियरच्या (अमेरिकेत पश्चिमेला नव्यानं वस्ती होत होती त्या मुलखाच्या) ख्रिस्ती कादंबऱ्यांमधली ती घाईची लग्नं खरंच व्हायची का?

पुस्तकवाली_सोलापूर:
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या महिला मंडळात मी अधूनमधून एखादं इंग्लिश पुस्तक वाचून त्याची गोष्ट मराठीत सांगते. यावेळी जॅनेट ओक यांची लव्ह कम्स सॉफ्टली घेतली, १९७९ ची. मार्टी नवऱ्याबरोबर वॅगनमधून पश्चिमेला निघालेली असते, पोटुशी असते, नवरा अपघातात जातो आणि त्याला पुरलं त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक अनोळखी विधुर तिला म्हणतो माझ्याशी लग्न कर, माझ्या पोरीला आई पाहिजे, तुला छप्पर मिळेल, नाहीच पटलं तर वसंतात परत जायचं भाडं मी देतो. आणि ती हो म्हणते! प्रेम नंतर, हळूहळू, आणि तिची देवावरची श्रद्धापण तशीच. बायका एकदम गप्प होऊन ऐकत होत्या, पण एक मावशी म्हणाल्या, आमच्यावेळी आम्हीपण नवऱ्याचं तोंड नीट बघितलं नव्हतं, ते पटतंय, पण मयताच्या दिवशी कुणी लग्न करतंय होय? मला उत्तर देता आलं नाही. हे लेखिकेनं सोयीसाठी केलंय का खरंच असं व्हायचं? या प्रकारातल्या निम्म्या कादंबऱ्या तर अशाच सुरू होतात.

रेल्वे_लाईन्सवाला:
ताई, मावशींना सांगा अशी लग्नं व्हायची, आणि त्यामागं पोट आणि जमीन दोन्ही होतं. एक म्हणजे पाद्री. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचे पाद्री घोड्यावरून फिरायचे, एकेकाकडे इतका मोठा मुलूख असायचा की एका वस्तीवर परत यायला कित्येक आठवडे लागायचे, म्हणून मयत, बाप्तिस्मा, लग्न जे काय असेल ते तो आलाय तोवर उरकायचं. त्यात दिवस भरत आलेली एकटी बाई, हिवाळा तोंडावर, जवळचं घर मैलोन्‌मैल लांब, तिनं करायचं काय?

दुसरं म्हणजे कायदा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओरेगॉनमध्ये १८५० चा जमीन वाटपाचा कायदा होता, त्यात एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि लग्न झालेल्या जोडप्याला ६४० एकर, आणि त्यातली अर्धी बायकोच्या स्वतःच्या नावावर! एकट्याला लग्न करून घ्यायला १ डिसेंबर १८५१ पर्यंत मुदत होती, त्यामुळं तिकडं लग्नांची नुसती घाई झाली, अगदी कोवळ्या पोरींचीपण लग्नं लागली. मग १८६२ चा होमस्टेड कायदा आला, १६० एकर, पाच वर्षं राहून कसायची. त्यात विधवा किंवा २१ पूर्ण झालेली बिनलग्नाची बाई स्वतःच्या नावानं जमीन मागू शकायची पण नवरा असलेली सहसा नाही. म्हणजे कादंबरीतली बाई लग्नाला कचरते ना, ते नुसते नखरे नसायचे, जमिनीचा हिशोब असायचा.

माळावरचा:
माहिती छान आहे दादा, पण ती ६४० एकर कुणाची होती तेपण सांगा की. माझं या पुस्तकांवर प्रेम आहे म्हणूनच मला हे खटकतं. नायक प्रार्थना करतो, देवानं ही जमीन दिली म्हणतो, आणि ज्यांची होती ते लोक पानभर दिसत नाहीत, दिसले तर झाडीआडून भीती दाखवायला. ओरेगॉनमध्ये तर मूळ लोकांशी करार पुरे व्हायच्या आधीच जमीन वाटली गेली.

नगरची_लेक:
यात भर घालते, कारण धागा आपल्याकडंच येतो. मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन, दोघांनाही मिशनरी म्हणून पश्चिमेला जायचं होतं, मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेला शक्यतो लग्न झालेले लोक हवे होते, दोघांची ओळख फार नव्हती, तरी १८३६ च्या फेब्रुवारीत लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी निघाले. रॉकी पर्वत ओलांडून गेलेल्या पहिल्या दोन गोऱ्या बायकांपैकी ती एक. अगदी कादंबरीच. पण पुढचं ऐका. त्यांची दोन वर्षांची एकुलती पोर १८३९ मध्ये नदीत बुडून गेली, १८४७ मध्ये गोवराची साथ आली, ते ज्यांच्यात राहत होते त्या कायूस या मूळ जमातीच्या लोकांची पोरं पटापट मेली, गोऱ्यांची बरीचशी वाचली, मार्कस डॉक्टर होता, त्या लोकांना वाटलं हा विष घालतोय, आणि त्यांनी दोघांना मारलं. १८५० मध्ये पाच कायूस पुरुषांना फाशी दिली. माळावरच्या भाऊंचं म्हणणं इथं दिसतं, एकाच गोष्टीत खरी श्रद्धापण आहे आणि दुसऱ्यांचं उजाड झालेलं घरपण.

आणि ज्या अमेरिकन बोर्डानं यांना पाठवलं, त्याच बोर्डाचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला आणि पुढं सोलापूरला. आपलं अमेरिकन मराठी मिशन ते हेच. सिंथिया फॅरर बाई तर बिनलग्नाच्याच १८२७ मध्ये मुंबईला आल्या, नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये तिथंच वारल्या. मंडळातल्या बायकांना हे नक्की सांगा, हे त्यांच्या घरातलं वाटेल.

पुस्तकवाली_सोलापूर:
अंगावर काटा आला वाचून. एकच बोर्ड आहे हे माहितीच नव्हतं. पुढच्या वेळी गोष्ट नंतर, आधी हे सांगणार, कायूस लोकांसकट. आता पुढचं काय घेऊ? फ्रान्सिन रिव्हर्स यांची रिडीमिंग लव्ह बरीच जणं सुचवतात.

रेल्वे_लाईन्सवाला:
ती ताकदीची आहे, १८५० चं सोन्याच्या गर्दीतलं कॅलिफोर्निया आणि बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची, बायको भरकटली तरी तिला परत घरी आणणाऱ्याची गोष्ट, पण लहानपणी विकली गेलेली वेश्या नायिका आहे आणि लेखिका काही झाकत नाही. ज्यांच्यावर असं काही बेतलंय अशा बाया मंडळात असू शकतात, तेव्हा तुम्ही स्वतः आधी पूर्ण वाचा मगच ठरवा. मला विचाराल तर मार्टीचीच मालिका चालू ठेवा, आठ पुस्तकं आहेत, तिसऱ्यात क्लार्कची पोर मिसी मोठी होऊन स्वतः वॅगनमधून पश्चिमेला निघते. क्रम मात्र चुकवू नका.