मुंडगोड काही लांब नाही

निर्वासितांना शाळा आणि कर्ज देऊन मदत संस्था काय साधतात, असं काही जण विचारतात. बेळगावकरांनो, एकदा कर्नाटकातल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडला जाऊन या की! 1966 पासून तिथे तिबेटी वसाहत आहे. जमीन सरकारने दिली. शेती उभी राहायला त्यांच्या सहकारी सोसायटीचा मोठा हात.

थंडीत आमच्याकडे स्वेटर विकायला बसणाऱ्या एक तिबेटी मावशी लुधियानाहून उधारीवर माल उचलतात, सीझन संपला की पै न पै चुकती करतात. वहीतला हिशेब तिबेटी अक्षरांत, घासाघीस मात्र आपल्या मराठीत. ते लिहिणं, तो हिशेब शाळेनेच शिकवला ना?

खरी अडचण कागदांची. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही. इथेच जन्मलेल्या कितीतरी तिबेटी पोरांना नोंदणी प्रमाणपत्राचं (इथे राहण्याच्या परवानगीच्या कागदाचं) नूतनीकरण करत राहावं लागतं. या कामी संस्थांनी वकील द्यायला हवेत, फक्त ब्लँकेटं नकोत.