वर्ल्डवाइड सीडब्ल्यूच्या आधी एन१एमएम क्लासिक सोडायचा का?

तापीकाठ
नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यू, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची मोर्समधली (सीडब्ल्यू) जागतिक स्पर्धा आहे. आपल्या जळगाव-धुळे पट्ट्यात अजून एन१एमएम क्लासिक या जुन्या लॉगरवर (संपर्क नोंदवणारा संगणक प्रोग्रॅम) लॉग करणारे आहेत. त्यांनी स्पर्धेआधीच त्याच्या नव्या अवतारावर, एन१एमएम प्लसवर यावं, असं माझं ठाम मत आहे. क्लासिक व्हिज्युअल बेसिक ६ मधला, त्याचा लॉग अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाईलमध्ये. त्याच्यावरचं काम कधीच थांबलंय. प्लसचा लॉग एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतो आणि याचा फरक वीज गेल्यावर कळतो. नोंद लिहिली जात असताना मशीन बंद पडलं तर अ‍ॅक्सेसची फाईल बिघडू शकते, मग भर स्पर्धेत रिपेअर करत बसा. एसक्यूलाइट अर्धवट राहिलेली नोंद जर्नलवरून मागे घेतं, आधीचे क्यूएसओ (संपर्क) शाबूत राहतात. आपल्याकडच्या फीडरची गत पाहता मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

भुसावळ_पॅडल
दादा, फीडरचा मुद्दा लॅपटॉपला लागू होत नाही. बॅटरी बसली असेल तर बॅटरी बदला, त्यासाठी लॉगर कशाला बदलायचा? वर्ल्डवाइडचा एक्स्चेंज (एकमेकांना पाठवायची माहिती) म्हणजे ५९९ हा सिग्नल रिपोर्ट आणि झोन, आपला २२. कंट्री फाईल (कॉलसाइनवरून देश ओळखणारी) आणि मास्टर एससीपी (नेहमीच्या कॉलसाइनची यादी) क्लासिकमध्येही ताजी टाकता येते. आयोजकांना पाठवायची कॅब्रिलो फाईल तोही काढतो.

खरी अडचण हार्डवेअरची आहे. प्लसची आजची आवृत्ती जुन्या लॅपटॉपच्या विंडोज एक्सपीवर चालत नाही, म्हणजे लॅपटॉप बदलणं आलं. लॅपटॉप बदलला की पॅरलल पोर्ट गेला, आणि ज्यांचं कीईंग (संगणकाने मोर्स पाठवणं) त्या पोर्टवरून होतं ते अडकले. यूएसबी-पॅरलल केबल प्रिंटरपुरती असते, तिच्यातून कीईंग होत नाही. लॉगर फुकट, पण त्याच्यामागे लॅपटॉप, कीयर (मोर्स बनवणारी पेटी), केबल एवढा खर्च उभा राहतो. तो आत्ताच करा म्हणणं मला पटत नाही.

तापीकाठ
भाऊ, कीयरचा खर्च एकदाच होतो आणि तो वायाही जात नाही. विनकीयर या कीयरमध्ये डिट-डा (मोर्सचे टिंब-रेघ) त्याची स्वतःची चिप बनवते, लॅपटॉप नुसती अक्षरं पाठवतो. विंडोज मध्येच अडखळलं तरी सीडब्ल्यू तुटत नाही. पोर्टवरून थेट की करताना नेमकं तेच होतं: बँडमॅपवर स्पॉट्सचा (कुठलं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे याच्या नोंदींचा) लोंढा आला की डा लांबतो आणि समोरचा कॉलसाइन परत मागतो.

चोपडा_हॅम
आयकॉमचा आयसी-७३०० रेडिओ असेल तर वेगळ्या कीयरवाचूनही भागतं, एका यूएसबी केबलवर कॅट (संगणकावरून रेडिओ चालवणं) आणि कीईंग दोन्ही होतं. केबल लावायच्या आधी ड्रायव्हर टाका. मग रेडिओच्या सेट मेनूत कनेक्टर्समध्ये जा: सीआय-व्ही यूएसबी पोर्ट ‘अनलिंक फ्रॉम रिमोट’, बॉड रेट ११५२००, यूएसबी सेंड आरटीएसवर, यूएसबी कीईंग (सीडब्ल्यू) डीटीआरवर (आरटीएस, डीटीआर या पोर्टच्या सिग्नल लाइन). प्लसमध्ये त्याच कॉम पोर्टला रेडिओ आयसी-७३००, वेग तोच, पत्ता ९४, डीटीआरला सीडब्ल्यू, आरटीएसला पीटीटी (ट्रान्समिट चालू करायचा इशारा). ‘अनलिंक’ आणि ११५२०० यांपैकी एक जरी राहिलं, तरी प्लसची स्पेक्ट्रम विंडो कोरी राहते.

नेहमीच्या दोन तक्रारी. साइडटोन (आपल्याच मोर्सचा आवाज) ऐकू येतो पण पॉवर निघत नाही: बीके-इन (की होताच आपोआप ट्रान्समिट) बंद आहे किंवा पीटीटी पोहोचत नाही. विंडोज सुरू होताना रेडिओ आपोआप ट्रान्समिटवर जातो: बूट होताना डीटीआर-आरटीएस चालू होतात म्हणून. आधी लॅपटॉप, मग रेडिओ, हा क्रम पाळा.

१०० वॉटला यूएसबी तुटत असेल तर आरएफ (रेडिओ लहरी) केबलवरून आत येतंय. उपाय: मिक्स ३१ प्रकारचा फेराइट गाभा, केबलचे चार-पाच वेढे, दोन्ही टोकांना.

साक्री_क्यूआरपी
हे सगळं ठीक, पण महिनाभर आधी बदलायला माझा विरोध आहे. ४८ तासांच्या स्पर्धेत बोटांना सवय असलेलं साधन हवं. नव्या इन्स्टॉलच्या खोडी नेमक्या तेव्हाच बाहेर पडतात. उदाहरणं देतो. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर प्लसचा डेटाबेस सिंक होताना लॉक होतो. इन्स्टॉल करताना युजर फाईल्ससाठी सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर द्यायला हवं, ते कोणी देत नाही. यूएसबीचं भोक बदललं की कॉम नंबर बदलतो आणि कॅट गप्प. सेंट एक्स्चेंजच्या चौकटीत लोक ५९९ २२ लिहितात, तिथे फक्त २२ लागतो. फंक्शन कीच्या फाईलमध्ये पहिल्या १२ ओळी रनसाठी (एका फ्रिक्वेन्सीवर बसून हाक देणं), पुढच्या १२ सर्च अँड पाउन्ससाठी (इतरांना शोधून बोलावणं); मधली एक ओळ उडाली की सगळी बटणं सरकतात.

यावल_लिनक्स
जुना लॅपटॉप ठेवायचाच असेल तर हलकं लिनक्स आणि टीएलएफ हा लॉगर बघा. टर्मिनलमध्ये चालतो, कॅट हॅमलिबवरून, कीईंग सीडब्ल्यूडीमनवरून. माउस लागत नाही.

तापीकाठ
साक्रीच्या दादांनी सांगितलेली प्रत्येक खोड एका संध्याकाळी निघते. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे १३०० यूटीसीला, सीडब्ल्यूऑप्स क्लबचा तासाभराचा सराव असतो. एक्स्चेंज नाव आणि सभासद नंबर, सभासद नसाल तर नाव आणि देश. त्यात एंटर सेंड्स मेसेज चालू ठेवून (कंट्रोल-एम; एंटर दाबलं की पुढचा संदेश जातो) एक तास काढा, बोटं बसतात. क्लासिकचा जुना लॉग एडीआयएफ फाईलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवा, नव्यात ओढायची गरज नाही.

आणि जुन्या मशीनचं एक कोणी बोललं नाही: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर वीज जाऊन आली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षावर जातं. लॉगची वेळ तिथूनच चुकत जाते. घड्याळ हाताने यूटीसीवर लावणाऱ्यांचंही तसंच. विंडोज भारतीय वेळेवर ठेवा, साडेपाच तास लॉगर स्वतः वजा करतो.

भुसावळ_पॅडल
सेलचा मुद्दा मान्य, तो दोन्ही लॉगरना लागू आहे. पण फक्त सीडब्ल्यू करणारे, जुना रेडिओ, कॅट नाही, अशांना मी नोव्हेंबरात क्लासिकच सांगेन. मेच्या अखेरीस डब्ल्यूपीएक्स सीडब्ल्यू स्पर्धेला प्लस घ्या, मधे सहा महिने मिळतात. फक्त वरच्या क्रमांकावर डोळा असणाऱ्यांनी थांबू नये: वर्ल्डवाइडच्या नियमांत त्यांच्या लॉगमध्ये प्रत्येक क्यूएसओची खरी फ्रिक्वेन्सी लागते, ती कॅटशिवाय हाताने भरणं होत नाही. आणि कोणताही लॉगर असो, स्पर्धा सोमवारी पहाटे ५:२९ ला संपते, कॅब्रिलो पाठवायला तिथून पाचच दिवस.

साक्री_क्यूआरपी
बुधवारचा सराव करून बघतो. पण त्या दिवशी प्लसने अपडेट विचारलं तर ‘नाही’ म्हणा, आणि स्पर्धेच्या आठवड्यातही.